मूठ बांधणाऱ्या मगदूमबाई

मगदूमबाईंविषयी चांगलं बोलणारी माणसं अलीकडे मला फार भेटू लागली आहेत. बाई निवृत्त होऊन जेमतेम काही महिने झाले, एवढ्यात त्यांना देव्हाऱ्यात बसवायची घाई चालली आहे. 'कडक होत्या, पण मनानं फार चांगल्या,' असं कुणी म्हटलं की माझं डोकं उठतं. कडक होत्या हे खरं. मनाचं मला ठाऊक नाही, कारण इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढूनही ते मला कधी दिसलं नाही. जे दिसलं ते लिहिते आहे. त्यांनी वाचलं तर वाचू देत.

कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात भाजलेल्या मुलांचा वॉर्ड आहे. मगदूमबाई त्या वॉर्डच्या इन्चार्ज आणि मी तिथली स्टाफ नर्स. बाई बुटक्या, रुंद, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आवाज असा की खाली केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांनाही वरच्या मजल्यावर कुणाची हजेरी चालली आहे ते कळायचं. माहेर निपाणीकडचं. घरी कन्नड बोलायच्या, वॉर्डात कोल्हापुरी, आणि चिडल्या की दोन्ही. मी पहिल्या दिवशी त्यांना 'गुड मॉर्निंग, सिस्टर' म्हटलं, तर म्हणाल्या, "मॉर्निंग झालेली दिसतीया मला. तिकडं तीन नंबरची पट्टी भिजलीया, ती तुला दिसली का?"

एक गोष्ट कबूल करावी लागते आणि ती करताना मला त्रास होतो. त्यांचा हात चांगला होता. भाजलेल्या पोराची पट्टी सोडणं म्हणजे काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. चिकटलेला कापूस हळूहळू भिजवायचा, पोर किंचाळत असताना आपला हात ढळू द्यायचा नाही. बाई पोरांशी लाडीगोडी करत नसत. "दुखणार हाय," असं सरळ सांगायच्या. "थांब म्हणालास की मी थांबणार. पर सारखं सारखं न्हाय म्हणायचं." आणि पोरानं थांब म्हटलं की खरंच थांबायच्या. त्यामुळं पोरं त्यांच्यासमोर हात पुढं करून बसायची. आमच्यासमोर तीच पोरं पलंगाखाली शिरत.

पोरांना लागणारी सगळी माया खर्चून झाली की उरलेलं विष आईबापांसाठी असे. त्यातही बापाला त्या निदान 'पावणं' म्हणायच्या. आईच्या वाट्याला तेही नाही. कबनूरचा एक यंत्रमाग चालवणारा आपल्या मुलाला घेऊन आला होता. पोराच्या पायावर आमटी सांडलेली आणि घाबरलेल्या बापानं हाताशी होतं ते मागाचं तेल वर चोपडलेलं. बाईंनी वास घेतला. "पावणं, पोरगं हाय का माग? तेलपाणी करून आणलंय!" तोही ओशाळून हसला. मग त्याला खुर्ची देऊन त्यांनी नीट समजावलं, की भाजल्यावर आधी नळाखाली धरायचं, बराच वेळ धरायचं, तेल, हळद, शाई काही लावायचं नाही. त्याच आठवड्यात एक आई आली. तिनं मुलीच्या पाठीला टूथपेस्ट लावली होती. तिला खुर्ची मिळाली नाही. "पाठीला दात फुटलेत व्हय गं तिच्या?" एवढंच भर वॉर्डात तिच्या तोंडावर फेकलं. दवाखान्यातले लोक आजही हे वाक्य हसत हसत सांगतात. ती आई हसली नव्हती. ती दिवसभर पदराचा बोळा तोंडात धरून खिडकीशी उभी होती.

एका नगरसेवकाला त्यांनी बुटांसकट वॉर्डाच्या दारातून हाकलल्याची गोष्ट तर फारच गाजलेली आहे. फळं वाटायला आला होता, सोबत फोटो काढणारे. बाईंनी दारातच हात आडवा धरला. "केळी ठेवा आन् कॅमेरा घिऊन खाली जावा. इथं जंतू फोटूला उभारत न्हाईत." लोक ही गोष्ट बाईंच्या बाणेदारपणाचा पुरावा म्हणून सांगतात. त्याच दारातून त्यांनी एका म्हाताऱ्या आजोबांनाही हाकललं होतं. नातवासाठी लाडू घेऊन स्टँडपासून चालत आलेले, धोतराला धूळ. त्यांनाही तोच आडवा हात आणि तोच आवाज. तो पुरावा कुणी सांगत नाही. बाईंना लहानमोठा असा भेद नव्हता, हे खरं आहे, पण तो नसणं हा नेहमीच गुण असतो असं मला वाटत नाही.

आता त्यांच्या शाळेबद्दल. दुपारची जेवणं होऊन पोरं झोपली की बाई व्हरांड्यात सतरंजी अंथरायला लावत आणि सगळ्या आयांना तिथं बसवत. घरी गेल्यावर काय करायचं ते तिथं शिकवलं जाई. जखम भरते तेव्हा नवी कातडी आकसते. तळहात भाजला असेल तर ती बोटांना आत ओढत नेते आणि बघता बघता हाताची मूठ होते, ती मग उघडत नाही. म्हणून तळहात उघडा ठेवणारी प्लास्टिकची फळी बांधायची, रात्रंदिवस, महिनोन् महिने. मालिशपुरती काढायची आणि परत बांधायची. पोर रडतं, दुखतंय म्हणतं, आईचा जीव तुटतो आणि फळी खुंटीवर जाते. हे होऊ नये म्हणून बाईंनी स्वतःची एक रीत काढली होती. त्या आईचा उजवा हात घ्यायच्या, बोटं मिटायच्या आणि वरून पट्टी करकचून बांधायच्या. "आता ह्या हातानं दुपार काढ. निऱ्या कर. वेणी घाल. पोराला पाणी पाज." संध्याकाळी पट्टी सोडत. त्या आईला मग फळीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नसे. ही रीत बघायला बाहेरून नर्सिंगच्या मुली येत. रीत चांगली होती. मी ती आजही वापरते, फक्त बांधण्याआधी आईला विचारते. बाईंनी कधी कुणाला विचारलं नाही.

सुवर्णा मलकापूरच्या बाजूची. तिची मुलगी कार्तिकी, अजून शाळेत न जाणारी, चुरूचुरू बोलणारी. भाकऱ्या झाल्यावर चुलीवरून उतरवून ठेवलेल्या तव्यावर तिनं उजवा हात टेकला होता. मांडीची कातडी काढून तळहाताला लावली, ती छान धरली, आणि फळी बांधून आम्ही तिला घरी सोडलं. सुवर्णा व्हरांड्यातल्या शाळेत पहिल्या रांगेत बसणारी, शांत, सगळं नीट ऐकणारी. हे पोर बरं होणार अशी माझी खात्री होती.

दुसऱ्यांदा दाखवायला आली तेव्हा कार्तिकीच्या हाताला फळी नव्हती. सोबत सुवर्णाचा दीर होता, मोटारसायकलवर घेऊन आलेला.

"फळी कुठं हाय?" बाईंनी विचारलं.

"पिशवीत हाय, सिस्टर."

"पिशवीला भाजलंय व्हय?"

सुवर्णा खाली बघून सांगू लागली. फळी बांधली की पोरीला डाव्या हातानं जेवावं लागतं. घरात ते चालत नाही. "आत्ती म्हणत्यात, पोरीची जात हाय, डाव्या हाताची सवं लागली तर उद्या सासरी काय म्हणतील. म्हणून जेवताना सोडत्यात." आत्ती म्हणजे तिची सासू. जेवणाआधी फळी सुटायची. जेवल्यावर हात धुतला की जरा सुकू दे म्हणून तशीच राहायची. मग पोर खेळायला पळायचं. संध्याकाळी परत जेवण. रात्री बांधायला जावं तर दिवसभरात बोटं आत गेलेली, ओढली की पोर ओरडायचं, आणि मग राहू दे. कार्तिकीची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळायला लागलं होतं.

बाईंनी पुढं काही ऐकलं नाही. सुवर्णाचा उजवा हात ओढला, मूठ वळली आणि पट्टी बांधली. मग वॉर्डाच्या किचनमधून आमटीभाताचं ताट मागवलं. "बस. डाव्या हातानं खा. समद्यांच्या म्होरं खा."

व्हरांड्यात बाकीच्या आया होत्या, वॉर्डबॉय होता, आणि भिंतीला टेकून तिचा दीर उभा होता. आमच्याकडच्या बायका दिरासमोर नीट जेवायलाही बसत नाहीत. मी म्हटलं, "बाई, तिला आत घेऊन सांगू या." बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुवर्णानं डाव्या हातानं घास उचलला. भात लुगड्यावर सांडला. तिनं परत उचलला. कार्तिकी आईला बिलगून रडत होती आणि आपल्या त्याच अर्ध्या मिटलेल्या हातानं आईची पट्टी सोडायला बघत होती. ते मी विसरू शकत नाही.

"आता कळलं?" बाई म्हणाल्या. "डाव्या-उजव्याच्या नादात पोरीचा हात घालवाय लागलाईसा. मिटला तर मला दावायला यिऊ नगंस."

आणि सुवर्णा आली नाही. पुढच्या तारखेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला तर दिरानं उचलला. "आमच्या घरची माणसं तिथं बेइज्जत व्हायला येत न्हाईत," म्हणाला आणि ठेवला. नंतर त्यानं माझा नंबर उचलणंच बंद केलं. इकडे माझ्या डोळ्यांसमोर ती दोन बोटं रोज थोडी थोडी आत जात होती.

मी बाईंना गाठलं. उभ्याउभ्या शेंगाचटणी आणि भाकरी खात होत्या. त्या कधी बसून जेवत नसत. मी म्हटलं, "बाई, तुम्ही चुकीच्या माणसाची मूठ बांधलीत. फळी सासू सोडत होती."

"आई कोण हाय? सासू का ती?"

"त्या घरात तिला नको म्हणायची सोय नाही."

"मग आई कशाला झाली?" बाई म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.

मला त्या क्षणी त्यांचा मनापासून तिरस्कार वाटला. तो अजून गेलेला नाही. रागाच्या भरात माणूस बोलून जातो ते निराळं. बाई रागात नव्हत्या. शांतपणे भाकरी चावत होत्या आणि त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

बरेच दिवस असे गेले. मग माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी बाईंचा फोन. "देसाई, स्टँडवर ये. मलकापूरला जायाचं हाय." का, कशाला, काही नाही. मला वाटलं, उशिरा का होईना, बाईंना उपरती झाली. एसटीत त्यांनी खिडकी पकडली आणि वाटभर कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडत राहिल्या. बोलावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं, तर डोळे मिटून घेतले.

सुवर्णाचं घर गावाच्या टोकाला. सासू अंगणात शेंगा निवडत बसली होती. उंच, ताठ बाई, डोईवर पदर. आम्ही कोण ते कळल्यावर तिचा चेहरा आवळला, पण दारात आलेल्या माणसाला ती जा म्हणाली नाही. "या बसा. च्या ठेवाय सांगतो."

"च्या मागनं," मगदूमबाई म्हणाल्या. "अव्वा, आधी तुमचा हात द्या."

"माझा हात कशाला?"

"द्या तर खरं."

आणि बाईंनी पर्समधून पट्टी काढून म्हातारीची उजवी मूठ बांधली. मला वाटलं आता इथं मारामारी होणार. म्हातारी चमत्कारिक नजरेनं आपल्या हाताकडे बघत राहिली. बाई तिला घेऊन आत देवापुढं गेल्या. "आता देवाला कुंकू लावा."

म्हातारीचा डावा हात करंड्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिनं तो मागं घेतला. "डाव्या हातानं कसं लावू?"

"तुमच्या नातीला बी हेच म्हणायला लागंल," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "आता काही म्हयनं तिला डाव्या हातानं जेवू द्या. न्हायतर उजवा मिटला की जन्मभर समदं डाव्यानं. कुंकू डाव्यानं, निवद डाव्यानं, सासऱ्याला वाढायचं बी डाव्यानं. मग सासरी काय म्हणतील ते बघा. तुमी ठरवा."

म्हातारीनं बांधलेली मूठ पदराखाली घेतली. मग म्हणाली, "हे आमास्नी कुणी सांगितलं न्हवतं."

"आता सांगितलं की."

माझ्या अंगाची आग आग झाली. हे बोलणं बाईंच्या तोंडात आधीपासून होतं. त्या दिवशी व्हरांड्यात, आमटीभाताचं ताट मागवण्याऐवजी, हेच चार शब्द त्यांनी सुवर्णाला दिले असते तर तिनं ते घरी नेऊन सासूपुढं ठेवले असते. दुबळ्या बाईच्या हातात काहीतरी दिलं असतं. त्यांनी तिचा होता तोही हात बांधून टाकला. सासू ताठ होती म्हणून तिला देवापुढं नेऊन समजावलं, आणि सून वाकलेली होती म्हणून तिला चारचौघांत वाकवलं. एवढा हिशेब बाईंना कळत नव्हता असं मला कुणी सांगू नये.

सुवर्णा आतल्या दाराशी उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. कार्तिकीला जवळ ओढून हात बघितला. करंगळी तळव्याला चिकटलेली, शेजारचं बोट तिच्या मागोमाग. बाईंनी बोटाखाली बोट घालून हलकेच उचलून पाहिलं, ते हललं नाही. मग म्हातारीच्या हाताची पट्टी सोडली, आलेला चहा प्यायल्या आणि उठल्या. मीच दाराशी थांबून सुवर्णाला बोटं सोडवायला आता लागणाऱ्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. ती मान हलवत राहिली.

परतीच्या एसटीत मी गप्प बसले नाही. "सुवर्णाशी एक शब्द तरी बोलायचा होता."

"काय बोलायचं?"

"चुकलं म्हणायचं."

"चुकलं म्हटलं की बोटं सरळ व्हत्यात?"

"बोटं नाही होत. ती तुमच्या दारात परत उभी राहिली असती."

"येतीया बघ. म्हातारी आणतीया तिला." आणि परत डोळे मिटले.

आली. म्हातारीच घेऊन आली. बाईंना वाटलं आपण जिंकलो, आणि दवाखान्यात तीच गोष्ट पसरली, की मगदूमबाईंनी घरी जाऊन सासूला सरळ केलं. मला आधी जी उपरती वाटली होती ती कुठं नव्हतीच. एक काम अडलं होतं, ते त्यांनी उरकून घेतलं. कार्तिकीचा तळवा पुन्हा उघडावा लागला, पुन्हा कातडी लावावी लागली, लहानग्या जिवाला पुन्हा भूल, पुन्हा पट्ट्या. एक बोट पुष्कळसं सुटलं. करंगळी वाकडी राहिली ती राहिलीच. वेळेवर दाखवायला आली असती तर हे टळलं असतं, असं डॉक्टर राउंडला म्हणाले. बाई शेजारी ट्रे धरून उभ्या होत्या. "व्हय," म्हणाल्या, जणू दुसऱ्या कुणाच्या वॉर्डाची गोष्ट चालली आहे. लोक त्या मलकापूरच्या फेरीचं कौतुक करतात तेव्हा मला ती करंगळी दिसते.

बाईंच्या नोकरीच्या अगदी शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. निरोपाच्या हारतुऱ्यांची तयारी चालली होती. ओपीडीत सुवर्णा कार्तिकीला दाखवायला आली. म्हातारी बाहेर बाकावर बसली होती. सुवर्णा माझ्याकडे बघून हसली, बाईंना मात्र तिनं साधा नमस्कारही केला नाही. मुलीला पुढं केलं आणि बाजूला उभी राहिली.

बाईंनी फळीचे पट्टे सोडले. चष्मा लावला. तळव्यावरचा वण अंगठ्यानं दाबून पाहिला, एकदा, परत एकदा. वण मऊ झाला होता. रोज, न चुकता, वेळ देऊन मालिश केल्याशिवाय तो असा होत नाही, हे आम्हा दोघींनाही कळलं.

"मालिश कोण करतंय?"

"मी करतो."

"रोज?"

"रोज."

बाईंचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत आईच्या कामावर खूश झालेल्या बाई मी पहिल्यांदा पाहत होते. "म्हंजी सांगितलेलं डोक्यात शिरलंय तुझ्या," त्या म्हणाल्या. "बघ, तवा बोललो म्हणून आज हे दिसतंय."

सुवर्णानं मान वर केली. माझ्यासमोर तिनं बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून बोललेलं ते पहिलंच.

"न्हाय, सिस्टर," ती म्हणाली. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "तेल घिऊन बसलो की आधी तुमचं त्वांड डोळ्याम्होरं येतंय. मग हात थरथरतोय माझा. म्हणून आधी तुमास्नी इसरतो, आन् मग मालिश करतो."

ओपीडीत गर्दी होती, तरी ते सगळ्यांनी ऐकलं असावं. मी बाईंकडे बघत राहिले. काहीतरी बोलतील म्हणून, खरं सांगायचं तर त्यांच्या मनाला काहीतरी लागेल म्हणून. बाईंनी चष्मा उतरवला, तो गळ्यात लोंबू लागला. फळी बांधायला त्यांनी हात पुढं केला होता. सुवर्णानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, कार्तिकीचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला, एकेक पट्टा नीट आवळला आणि मुलीला कडेवर घेऊन निघून गेली.

"बरं करतीस," बाई म्हणाल्या. तोवर ती दारापलीकडे गेली होती. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.